पंचाहत्तर वर्षांचा पुरावा

माझा धंदा दुसऱ्यांचे अर्ज लिहिण्याचा. कर्नाटकातल्या जोयड्याला तालुका कचेरीबाहेर टेबल टाकून बसतो. वारस नोंद, वाटणीपत्र, रेशन कार्डातली चुकलेली नावे, आणि अलीकडे सगळ्यांत जास्त म्हणजे वनहक्काचे दावे. लोक कोकणीत सांगतात, मी मराठी शाळेत शिकलो म्हणून डोक्यात ते मराठीत जुळते, आणि कागदावर कन्नड उतरते. एवढ्या वळणांतून जाऊनही माणसाचे म्हणणे जसेच्या तसे राहिले तर अर्ज चांगला, एवढीच माझी कसोटी.

मूळचा मी दिग्गीचा. तालुक्याच्या पश्चिम कडेला, सह्याद्रीच्या माथ्यावर आमचा गाव. काळी नदी याच डोंगरांत उगम पावते. पलीकडच्या अंगाने खाली उतरले की गोव्यातला सांगे तालुका लागतो. वस्ती कुणब्यांची, घरे विखुरलेली, आणि कागदपत्रांच्या बाबतीत गाव जवळजवळ कोरा. माझे निम्मे काम या कोरेपणाशी आहे.

वनहक्क कायदा २००६ सालचा. अर्जदार अनुसूचित जमातीतला नसेल तर १३ डिसेंबर २००५ या तारखेच्या आधी तीन पिढ्या आपण याच जंगलात राहत होतो, हे त्याने दाखवायचे. पिढी म्हणजे २५ वर्षे, हेही कायद्यानेच ठरवून दिले आहे. म्हणजे ७५ वर्षे. म्हणजे १९३० साली तुमचा आजा कुठल्या ओढ्याकाठी नाचणी पेरत होता ते सिद्ध करा. घाटाखालच्या गोव्यात कुणब्यांना २००३ साली जमातीचा दर्जा मिळाला. घाटावर आम्ही तो अजून मागतोच आहोत. सोयरीक घाट चढून येते, देव तेच, पण खालच्याला विचारत नाहीत तो प्रश्न वरच्याला विचारतात. असो. ते माझे रोजचे रडगाणे आहे आणि त्यासाठी हा लेख नाही.

लेख आहे तो माझ्या पुतण्यामुळे. गोव्यात वेर्ण्याला कारखान्यात कामाला आहे, चवथीला घरी येतो. हुशार मुलगा. अलीकडे त्याला एक वेड लागले आहे. रात्री जेवणे झाली की तो मोबाइलवर व्हिडिओ लावतो आणि आम्हा सगळ्यांना बघायला बसवतो. बारा-साडेबारा हजार वर्षांपूर्वी जगात एक महान संस्कृती होती, प्रलयात ती बुडाली, वाचलेल्या ज्ञानी लोकांनी जगभर फिरून रानटी माणसांना शेती आणि बांधकाम शिकवले. वेरूळचे कैलास लेणे माणसाच्या हातून होणे शक्यच नाही. भरद्वाज ऋषींनी विमाने बांधली होती. आपल्याकडे सगळे होते, मग ते विसरले गेले, किंवा कोणी विसरायला लावले. हे सांगताना त्याचे डोळे असे चमकतात की वाद घालायची इच्छाच होत नाही.

तो मूर्ख नाही. विमान उडत होते की नाही याची त्याला खरे तर फारशी पडलेलीही नाही. कारखान्यात बारा तास उभे राहून दुसऱ्याच्या यंत्राची बटणे दाबणाऱ्या मुलाचा प्रश्न वेगळाच आहे: आपण कोण, आणि आपल्यामागे कोणी मोठे उभे आहे का? हा प्रश्न धर्माचा आहे. इतिहासाच्या पुस्तकाने तो भागत नाही. म्हणून व्हिडिओतली चूक दाखवली की काम झाले, असे मला वाटत नाही. पण माझ्या धंद्यामुळे मला एक खोड लागली आहे. कोणी म्हणाले, ‘मी अमक्याचा वारस’, की मी दोन गोष्टी विचारतो. पुरावा काय? आणि मयताच्या नावावर देणे किती?

पहिला प्रश्न आधी घेतो. विमानाची गोष्ट तर आपल्या मराठी माणसाचीच. शिवकर बापूजी तळपदे हे मुंबईच्या चिराबाजारातले. १८९५ साली त्यांनी गिरगाव चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे विमान पंधराशे फूट उंच उडवले, असे सांगतात. राइट बंधूंचे उड्डाण १९०३ च्या डिसेंबरातले, म्हणजे आपण आठ वर्षे पुढे. बघायला न्यायमूर्ती रानडे होते, सयाजीराव महाराज होते, अशी साक्षीदारांची यादीही देतात. माझ्यासारख्याला यादी दिसली की बरे वाटते. पण त्या साक्षीदारांपैकी कोणाचाही त्या काळात लिहिलेला, तपासून पाहता येईल असा शब्द पुढे आलेला नाही. आणि ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा आधार सांगतात तो ग्रंथ सुब्बराय शास्त्री यांनी तोंडी सांगितला तो १९१८ ते १९२३ या काळात. ते अनेकलचे, म्हणजे आमच्याच कर्नाटकातले. त्यातली चित्रे बंगळूरच्या एका आरेखकाने काढलेली. १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी तो ग्रंथ नीट वाचला, आकडेमोड केली आणि लिहिले की भाषा अलीकडची आहे, ग्रंथ विसाव्या शतकाच्या आधीचा नाही, आणि त्यात वर्णिलेली विमाने उडणार नाहीत. त्यांनी थट्टा केली नाही, उलट तपासणी केली. तरी २०१५ च्या जानेवारीत मुंबईला भरलेल्या विज्ञान परिषदेत याच विषयावर पुन्हा निबंध वाचला गेला.

मला वाईट वाटते ते तळपद्यांचे. हा माणूस खरोखर होऊन गेला. पदरचे पैसे मोडून, लोकांची हेटाळणी सोसून उडणारे यंत्र बनवायच्या खटपटीत तो होता, एवढे तरी दिसते. फसले असेल, अर्धवट राहिले असेल. पण त्याची ती खटपट कोणाला नको आहे. सगळे श्रेय भरद्वाजांना जाते आणि चिराबाजारच्या माणसाकडे उरते ते पोथी वाचून दाखवणाऱ्याचे काम.

याच्या उलट टिळक. लोकमान्यांनीही हरवलेल्या मूळ घराचा सिद्धांत मांडला होता, हे आपण सोयीने विसरतो. १९०३ सालच्या त्यांच्या ग्रंथात त्यांनी आर्यांचे आद्य घर उत्तर ध्रुवाजवळ नेऊन ठेवले: वेदांतल्या लांबच लांब उषा, सहा महिन्यांचा दिवस आणि सहा महिन्यांची रात्र, हे सगळे ध्रुवप्रदेशाशिवाय कुठे जुळणार, असा त्यांचा मुद्दा. बारा हजार वर्षांइतकाच धाडसी दावा. पण तेही कायद्याचे पदवीधर, त्यामुळे प्रत्येक मुद्द्याला ऋचेचा आधार, भूगर्भशास्त्राचे म्हणणे, ज्योतिषाचे गणित, म्हणजे समोरच्याला खोडून काढायला लागणारे सगळे साहित्य स्वतःच्या हाताने पुरवलेले. आणि तसे झालेही. पुण्याच्याच नारायण भवानराव पावगी यांनी १९१५ साली इंग्रजीत ग्रंथ लिहून उलटे प्रतिपादन केले, की मूळ घर सप्तसिंधूतच. आज टिळकांचा सिद्धांत विद्वान मानत नाहीत. पण तो नाकारता आला, ही मला त्या लिखाणाची सचोटी वाटते. पुतण्याच्या व्हिडिओला नाकारायची सोयच ठेवलेली नसते. पुरावा मागितला की उत्तर येते, पुरावा दडपला. पुरावा नसणे हाच पुरावा. असा अर्ज मी टेबलावरून परत पाठवला असता.

आता कैलास. इथे मात्र मी पुतण्याच्या बाजूने थोडा झुकतो, कारण आश्चर्य वाटणे अगदी रास्त आहे. वेरूळला मी गेलो तेव्हा कड्यावरून वाकून खाली पाहिले आणि गप्प झालो. कळसापासून पायापर्यंत, वरून खाली, एका डोंगरातून कोरत आणलेले देऊळ. चुकलेला दगड परत बसवता येत नाही. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात ते झाले असे मानतात. बडोद्याला सापडलेला त्याच घराण्याच्या कर्कराजाचा इ. स. ८१२ च्या सुमाराचा एक ताम्रपट आहे. रा. गो. भांडारकरांनी त्यातल्या एका वर्णनाचा संबंध या लेण्याशी जोडला. ते वर्णन मला इतके आवडते की कोणी वेरूळचे नाव काढले की मी ते सांगतोच. आकाशातून विमानांतून जाणारे देव हे देऊळ पाहून थक्क होतात आणि म्हणतात, हे कोणी केलेले असणे शक्य नाही, हे आपोआप उगवले असणार. आणि ज्याने ते केले तो स्थपतीही काम संपल्यावर नवल करतो की हे माझ्या हातून झाले कसे!

म्हणजे व्हिडिओतले सगळे साहित्य त्या ताम्रपटात आहे. विमाने आहेत, आकाशातून आलेले आहेत, ‘हे माणसाचे काम नव्हे’ हा उद्गारही आहे. फक्त माणसे आपापल्या जागेवर आहेत. विमानातले प्रेक्षक आहेत आणि छिन्नी माणसाच्या हातात आहे. बाराशे वर्षांपूर्वीच्या त्या कवीला देवांवर माझ्यापेक्षा जास्त श्रद्धा असणार, पण म्हणून त्याने स्थपतीचे काम देवांच्या नावावर चढवले नाही. मराठीत पुढे ‘कथाकल्पतरू’त एका राणीची गोष्ट आली. कळस दिसल्याशिवाय अन्न घेणार नाही असे तिचे व्रत, आणि पैठणच्या कोकसाने वरून कोरायला सुरुवात करून कळस आधी दाखवला. गोष्ट म्हणून ती कितीही सजवलेली असो, त्यात गवंड्याचे डोके कसे चालते ते आहे. भिंतींवर छिन्नीचे ओरखडे अजून दिसतात. आणि कसे कोरत असतील हा प्रश्न फारच छळत असेल तर अजिंठ्याच्या चोविसाव्या लेण्यात जावे. ते अर्धवट सुटलेले आहे. खांब कसे मोकळे करत आणले, कुठे थांबले, सगळे उघडे पडलेले. परग्रहावरून आलेल्यांनी काम अर्धवट का टाकले, याचा व्हिडिओ अजून तरी पुतण्याने मला दाखवलेला नाही.

आमच्या भागातही हे होतेच. जुना दगडी बांध दिसला, खडकात कोरलेली खोली दिसली, की म्हातारी माणसे सांगत, पांडवांचे. एका रात्रीत बांधायला घेतले, कोंबडा आरवला, म्हणून राहिले. पुतण्या म्हणाला, ‘काका, मग तुमचे पांडव आणि आमचे हे लोक यांत फरक काय? तुम्हीही माणसाचे काम दुसऱ्याच्याच नावावर लावता.’

बरोबर बोलला. त्यावर मी बरेच दिवस विचार केला. पांडवांची गोष्टही राबणाऱ्याचे नाव पुसतेच, हे कबूल. पण त्या गोष्टीबरोबर एक ओझे येते. पांडवांचे म्हटले की तिथला दगड उचलून गोठ्याच्या पायात घालायचा नाही. तिथे चप्पल काढायची. पहिले कणीस तिथे ठेवायचे. गोष्ट खरी की खोटी हे कोणी विचारत नव्हते, कारण ती पुरावा म्हणून कोणी सांगतच नव्हते. ती सांगायची ती पुढच्याला जबाबदारी कळावी म्हणून. व्हिडिओ नेमका याच्या उलट आहे. तो पुरावा असल्याचा आव आणतो आणि काहीच करायला सांगत नाही. बारा हजार वर्षांचा वारसा फुकट मिळतो, त्यासाठी एक काटकीही हलवावी लागत नाही. प्लेटोने सांगितलेली अटलांटिसची मूळ गोष्टसुद्धा अशी नव्हती. ते बेट माजले म्हणून बुडाले, असा तिच्यात धाक होता. इग्नेशस डॉनेलीने १८८२ साली तिच्यावर ग्रंथ लिहून ती खरा इतिहास ठरवली, आणि धाक गेला, अभिमान तेवढा राहिला.

हळियाळला एका वकिलांकडे मी उमेदवारी केली तेव्हा मिताक्षरा हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला. विज्ञानेश्वराने तो ग्रंथ नऊशे वर्षांपूर्वी चालुक्यांच्या कल्याणीत, आजच्या बसवकल्याणात लिहिला, आणि बंगालकडचा भाग सोडला तर हिंदूंच्या वारसाहक्काचा खटला इंग्रजांच्या कोर्टातही त्यावरच चालत असे. वकीलसाहेब सांगत, त्यातली मूळ धारणा ही की जो मयताची मालमत्ता घेतो त्याने त्याचे कर्जही फेडायचे. मुलाने बापाचे कर्ज फेडणे हा नुसता व्यवहार नव्हता, ते धर्मकृत्य होते. बाप कर्ज ठेवून गेला तर त्याला गती नाही. २००५ च्या दुरुस्तीने कायद्यातले हे बंधन नव्या कर्जांपुरते गेले. चांगलेच झाले, सावकारांनी त्याचा फार गैरफायदा घेतला होता. पण त्यामागचा विचार माझ्या डोक्यातून गेला नाही. वारसा आणि देणे एकाच कागदावर येतात. पितृऋण म्हणतात ते दुसरे काय असणार?

म्हणून माझा दुसरा प्रश्न. त्या बुडालेल्या महान संस्कृतीचे आपण वारस असू, तर तिचे आपल्यावर देणे काय? पुतण्याला मी हे विचारले तेव्हा तो हसला. म्हणाला, ‘ते इतके पुढारलेले, त्यांना आपण काय देणार?’ या उत्तरातच सगळे आले असे मला वाटते. ज्यांना आपल्याकडून काही लागत नाही असे पूर्वज आपण शोधतो आहोत.

ज्यांना लागते ते जवळच आहेत. घाट उतरून सांग्यात गेले की कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळला, फणसायमळ म्हणतात तिथे, जांभ्या खडकाच्या सपाटीवर शंभराच्या वर आकृत्या कोरलेल्या आहेत. वशिंडाचे बैल, हरणे, माणसे, आणि एकात एक फिरत जाणारी वर्तुळे. गोव्याच्या पुरातत्त्व खात्याला ती १९९३ साली कळली, ती स्थानिक लोकांनी दाखवली म्हणून. पुतण्याचे म्हणणे, अशी चक्रे भूमध्य समुद्राकडेही आहेत, मग संबंध असणारच. असेल किंवा नसेल. काळाविषयी अभ्यासकांतच हजारो वर्षांचे अंतर आहे. उत्तरेला रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर याच जातीची कातळशिल्पे शेकड्यांनी आहेत. सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांनी ती सडे पायाखाली घालून, गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना विचारत शोधून काढली. काशेळीचा हत्ती तर एवढा मोठा की त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले आहेत. देवाचे गोठण्याला कोरलेल्या माणसावर होकायंत्र धरले की सुई भरकटते. व्हिडिओवाल्यांना यापेक्षा जास्त काही लागत नाही! जांभ्यात लोखंड ठासून भरलेले असते आणि अशा खडकावर वीज पडली तरी तो चुंबकासारखा वागू लागतो, एवढे साधे कारणही असू शकते. माझे म्हणणे, कोणी तरी तिथे उन्हात बसून, टणक हत्याराने खडक टोचत, आपल्याएवढ्या हाताने तो माणूस काढला, हे नवल कमी आहे का?

कोकणातली ही ठिकाणे आणि आमच्या घाटाखालचे फणसायमळ मिळून २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्याच सुमाराला यांतल्याच बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण कारखान्याचे सर्वेक्षण आले आणि लोक रस्त्यावर बसले. चिरेखाणी तर आधीपासून चालूच. देणे म्हणतो ते हे. या कोरणाऱ्यांशी माझे रक्ताचे नाते सांगता येणार नाही, कोणत्याही कचेरीत ती वारस नोंद होणार नाही. पण त्यांना आपली गरज आहे. तिथून चिरा काढू नये, रेघांवर गाडी नेऊ नये, एवढे तरी ते मागत असतील.

आणि बुडालेले नगरच हवे असेल तर आमच्या तालुक्यात आहे. सुपे. हा तालुका पूर्वी सुपे तालुकाच होता. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर गाव होते, बाजार होता, देवळे होती, कचेरी होती. १०१ मीटर उंचीचे धरण झाले, १९८०च्या दशकात पाणी भरले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले आणि माणसे रामनगरला नेऊन वसवली. त्या पाण्यावर नागझरीला वीज होते आणि ती कुठल्या कुठे जाते. पुतण्याच्या कारखान्यातही कदाचित येत असेल. तिथल्या माणसांना प्रलयाविषयी विचारा, ते तारीखवार सांगतात. कोणाची विहीर कुठे होती, कोणाच्या दारातला फणस कापा होता आणि कोणाचा बरका. यातले कोणीही वाचून जगाला ज्ञान शिकवायला गेले नाही. भरपाईच्या कागदासाठी खेटे घालत राहिले.

विसरलेल्या तंत्रज्ञानाचेही तसेच. वाचलेल्या ज्ञान्यांनी रानटी लोकांना शेती शिकवली, हे वाक्य पुतण्या कौतुकाने ऐकवतो. मला ते बोचते, कारण त्या गोष्टीतले रानटी लोक म्हणजे आम्हीच. जोयड्याच्या कुणब्यांचे कंद आता प्रसिद्ध झाले आहेत, दरवर्षी इथे मेळा भरतो, शहरातून गाड्या येतात. कणगी, करांदे, कोनफळ, सुरण, अळवाच्या किती जाती. कडू करांदा तसाच खाल्ला तर घसा आणि पोट दोन्ही धरते. तो चिरून, राखेच्या पाण्यात उकळून, पाणी बदलत ठेवून खाण्याजोगा करतात. हे पहिल्यांदा कोणी शोधले असेल? एखाद्या दुष्काळी वर्षी कोणी तरी उकळले आणि आजारी पडले, पुढच्या बाईने चुलीतली राख टाकून पाहिली. किती जणींच्या पोटातून हे ज्ञान गेले असेल याचा हिशोब कुठेच नाही. याला तंत्रज्ञान म्हणायचे नसेल तर कशाला म्हणायचे? कुमरी शेती, म्हणजे जंगलाचा तुकडा भाजून पेरायचा, मग पुढे जायचे आणि जंगल परत वाढू द्यायचे, ही एक पुरी विद्या होती. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी ती आवळत आणली, त्यांना इमारती लाकूड हवे होते. ती प्रलयाने गेली नाही, हुकमाने गेली, आणि त्या हुकमांची दप्तरे जपून ठेवलेली आहेत.

आमच्या परड्यातली रताळी, मिरची आणि काजू मात्र अमेरिका खंडातून आले, पोर्तुगीज गोव्यात उतरले त्यानंतर. सोमनाथपूरच्या होयसळ देवळातल्या मूर्तींच्या हातात मक्याची कणसे आहेत, म्हणजे कोलंबसाच्या आधीच आपला तिकडे संबंध होता, असा दावा १९८९ साली दोन अमेरिकी अभ्यासकांनी केला होता. भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी उत्तर दिले की ते मक्याचे कणीस नाही, मोत्यांनी मढवलेले मुक्ताफळ आहे. हा वाद मला आवडला. दोन्ही बाजू मूर्तीजवळ जाऊन दाणे मोजत होत्या.

परत पूर्वजांकडे येतो. भाद्रपदात आम्ही म्हाळ घालतो. भटजी बाप, आजा, पणजा अशी तीन नावे घेतात. तीनच पिंड. त्याच्या वरच्या तिघांना हाताला लागून राहिलेले पुसून देतात, त्यांना लेपभागी म्हणतात. त्याही वरचे सगळे तर्पणाच्या शेवटी, ज्यांचे कोणी नाही त्यांच्यात एकत्र. कोणी केली ही रचना माहीत नाही, पण तिच्यात मला माणसाच्या आवाक्याची जाण दिसते. नाव तिघांचे घ्या, कारण तिघांना कोणी तरी पाहिलेले असते. पुढच्यांचा मान ठेवा, पण त्यांच्याविषयी बढाई मारू नका. आणि कायदा करणाऱ्यांनीही नेमक्या तीन पिढ्याच का विचाराव्यात?

आमच्या घरचा वनहक्काचा दावा यंदा मी लिहायला घेतला. नियमांत सोय आहे: कागद नसेल तर दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचे लेखी निवेदन चालते. घर, बांध, विहीर, मसणवट यांच्या खुणाही चालतात. माझी आत्या लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली, तिचा या दाव्यात हिस्सा नाही, म्हणून तिचे निवेदन घ्यायचे ठरले. पुतण्याला म्हटले, तू लिहून घे. ती सांगत गेली. वरचा बांध आज्याने घातला, खालचा त्याच्या भावाने, मधला पावसात फुटला तो पुन्हा बाबांनी. तारीख नाही, पण कोणाच्या लग्नाच्या आधी आणि कोणत्या साथीनंतर, हे सगळे चोख. मी मनात वर्षे लावत होतो, १९३० च्या खाली सहज जात होती.

मग पुतण्याने विचारले, ‘आजी, त्याच्या आधी कोण होते?’

‘होते कोणी,’ आत्या म्हणाली. ‘आज्यानं जमीन फोडली तेव्हा मातीत जात्याची तळी मिळाली, फुटकी. आपली न्हय ती. रोंबडाच्या बुडात ठेवलीय. म्हाळाला तिच्यावर घास ठेवतात, तुझी आई ठेवते की नाही विचार तिला.’

पुतण्याने तेही लिहून घेतले. रोंबडाचे झाड कुठे आहे ते त्याला माहीत होते, तळी मात्र त्याने कधी पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी जाऊन फोटो काढून आणला आणि निवेदनाला जोडला.

दावा दाखल करण्याआधी मी तो एका ओळखीच्या वकिलांना वाचायला दिला. ते म्हणाले, बाकी ठीक आहे, हा जात्याचा परिच्छेद काढा. तुमच्या आधी तिथे दुसरे कोणी राहत होते हे तुम्हीच कशाला लिहून देता? उद्या त्यावरच बोट ठेवतील. सल्ला कायद्याने बरोबर होता आणि दुसऱ्या कोणाचा अर्ज असता तर मीही हाच दिला असता. पुतण्याला विचारले. तो म्हणाला, राहू दे काका, तिथे राहत होतेच ना ते. परिच्छेद ठेवून दावा दिला आहे. अजून सुनावणी लागलेली नाही.